निळ्या रंगाखालची जाड भिंत

नवरात्र जवळ आलं की तंजावुरात घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. कोलूच्या बाहुल्यांच्या पेट्या. वर्षभर जुन्या धोतरांत आणि तमिळ वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेले देव, जाडजूड वाणी आणि त्याची वाणीण, बँडवाले, फळवाल्या एकेक करून बाहेर येतात, पायऱ्यांवर मांडले जातात, आणि घरभर डांबरगोळ्यांचा, उंदरांच्या लेंड्यांचा आणि शिळ्या रंगाचा असा मिळून एक वास पसरतो. लोकांना तो सणाचा वास वाटतो. मला तो सोसत नाही.

मी ज्या नर्सिंग कॉलेजात शरीररचना शिकवतो तिथेही कोलू मांडतात. परवा आमची नवी शिक्षिका अनिता पेटी उघडून बसली होती. भोवती पहिल्या वर्षाच्या चारपाच मुली. तिने पेटीच्या तळातून एक जड गाठोडं काढलं, धोतराचे पदर सोडवले आणि दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, “सार, तुमचं हृदय कुठे ठेवू? मधल्या पायरीवर, सरस्वतीच्या खाली?”

“हळू धरा मिस,” एक मुलगी म्हणाली, “सारांचं हृदय फुटलं तर मार्क कोण देणार?”

सगळ्या खिदळल्या. मी हसल्यासारखं केलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ते हृदय कागदाच्या लगद्याचं आहे. शहाळ्याएवढं. पुढचा भाग बिजागरीवर दारासारखा उघडतो आणि आत चार कप्पे दिसतात, उजवे दोन निळे, डावे दोन लाल. कडांना सोनेरी रेघ आहे, कारण ज्यांनी ते रंगवलं त्या गोविंदराजनना सोनेरी रेघेशिवाय काही पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. फार देखणं आहे. बारा वर्षांत रंग कुठे उडालेला नाही. मला त्याच गोष्टीची शिसारी येते.

तेव्हा मी उमेदीत होतो. आमच्या मुली त्रिभुज प्रदेशातल्या गावांतून येत, पहाटेची बस धरून, डोक्यात कनकांबराचे गजरे आणि हातात डबा. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं त्या घोकून घोकून पाठ करत आणि अर्थ विचारला की एकमेकींकडे बघत. मी ठरवलं होतं की प्रत्येक अवघड गोष्ट त्यांच्या हातात द्यायची. लहान आतड्याच्या आतली लव समजेना, तेव्हा घरचा जुना टर्किश टॉवेल नेला आणि एकीला त्यावर पाणी ओतायला लावलं, दुसरीला साध्या धोतरावर. मूत्रपिंडातली गाळणी सांगायला इडियाप्पमचा, तांदळाच्या शेवया पाडायचा साचा. फुप्फुसं म्हणजे पाण्याची बाटली कापून आत लावलेले दोन फुगे. रक्त उलटं का जात नाही हे सांगायला मी त्यांच्याच गावच्या कालव्याची झडप आठवायला सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “आमच्या गावची झडप गळकी आहे सार.” “मग तुमच्या गावाला हृदयविकार आहे,” मी म्हणालो. वर्ग हसला आणि झडपेचा धडा पुन्हा शिकवावा लागला नाही.

हे दिवस मी मुद्दाम आठवतो. मी वाईट शिक्षक नव्हतो, असं स्वतःला सांगायला बरं वाटतं. आणि ते खरंही होतं, एका हद्दीपर्यंत. ती हद्द माझ्या नाकापाशी होती.

कयलविळी नावाची एक मुलगी त्या वर्गात होती. ओरत्तनाडूची. वडिलांचं तिथे मटणाचं दुकान. हृदयाचा धडा सुरू व्हायचा होता त्या सकाळी ती स्टीलचा मोठा डबा घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, “सार, सहा आहेत. दहा जणींत एक पुरेल. अप्पांनी स्वतः निवडून दिलीत, कुठे चीर पडलेली नाही. बोट घालून झडप बघता येते.”

तिने झाकण काढलं. केळीच्या पानावर बोकडांची सहा हृदयं होती, स्वच्छ धुतलेली, ओली, काळपट लाल. पहाटेपासून पाऊस लागलेला, खिडक्या बंद, आणि तो वास. मी घरून आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आलेलो. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. मी दोन पावलं मागे सरलो. मुलींनी ते पाहिलं. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी रविवारी मटण शिजतं, पण सर मागे सरले म्हटल्यावर त्यांनीही पदर नाकाला लावले.

“अग, हे कॉलेज आहे,” एवढंच मी म्हणालो आणि शिपायाला डबा न्यायला सांगितलं.

त्याने तो कॉलेजमागे कुत्र्यांपुढे पालथा केला. वर्गाच्या खिडकीतून ते दिसत होतं. कयल उठून गेली, नळाखाली डबा धुतला, आतून, बाहेरून, झाकणाची खाच बोटाने घासून, आणि परत येऊन जागेवर बसली. मी फळ्यावर हृदय काढत होतो. खडूने. निळा आणि लाल.

मला त्या मांसाची किळस आली होती. आता लिहिताना किळस येते ती मागे टाकलेल्या त्या दोन पावलांची. कुणी विचारलं असतं तर मी जातपात मानत नाही असं छाती ठोकून सांगितलं असतं.

पण हृदय हातात तर द्यायचं होतं. मग मला बाहुल्यांची आठवण झाली. तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या ज्या लगद्याच्या करतात त्याच लगद्याचं हृदय करू, धुता येईल, वास येणार नाही. गोविंदराजन या कामातले जुने कारागीर, आमच्या घरच्या कोलूच्या बाहुल्याही त्यांच्याच हातच्या. बाहेरचं कवच त्यांनी चार दिवसांत केलं, पुस्तकातल्या चित्राबरहुकूम. आतल्या कप्प्यांचा साचा मात्र मी करणार म्हणालो. प्राचार्यबाईंना सांगायचं होतं ना, की सरांनी स्वतःच्या हाताने केलंय. गोविंदराजनांच्या ओसरीवर बसून, पुस्तक समोर उभं करून, मी मातीत कप्पे खोदले. चित्रात जे जिथे दिसत होतं ते तिथेच खोदलं. एक भिंत जाड ठेवली, एक पातळ. डावा खालचा कप्पा रक्त साऱ्या अंगभर ढकलतो म्हणून त्याची भिंत जाड, उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं म्हणून त्याची पातळ. हृदयाच्या धड्यातली हीच गोष्ट मुलींच्या बोटांना कळावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

लगदा दाबून, सुकवून, साच्यातून काढला तेव्हा गोविंदराजनांनी तो तुकडा उचलला, पुस्तकाशेजारी धरला आणि तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

“सार, साच्यात उलटं खोदायचं असतं.”

“म्हणजे?”

“मीनाक्षीचा पोपट ज्या हातात हवा त्याच्या दुसऱ्या बाजूला साच्यात खोदावा लागतो. माझ्या सुनेलाही ठाऊक आहे हे. तुमच्या हृदयाची डावी बाजू उजवीकडे गेली.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “पंधरा दिवस द्या. नवा करतो. या पावसात वाळायला वेळ लागतो.”

पंधरा दिवस नव्हते. चार दिवसांत कोलू होता, आणि कोलूच्या आठवड्यातच कॉलेजची तपासणी करायला माणसं येणार होती. प्राचार्यबाईंनी त्यांना पत्रातच कळवलं होतं की आमचे शिक्षक स्थानिक कलेतून अध्यापनाची साधनं करतात. मी तुकडा हातात फिरवत बसलो. मग म्हणालो, “रंग तर आपल्या हातात आहे. पुस्तकात निळा जिथे आहे तिथे निळा द्या, लाल तिथे लाल. आणि पुढच्या कडेला थोडा लगदा लावून दोन्ही भिंती सारख्या दिसतील असं करा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “आत बोट घातलं तर कळेल सार.”

“बोट कोण घालतंय?”

हे वाक्य मी उच्चारलं. टर्किश टॉवेल वर्गात नेणाऱ्या मी.

कोलूत ते हृदय सरस्वतीच्या खालच्या पायरीवर विराजमान झालं. खालच्या पायऱ्यांवर मुलींनी केलेली मूत्रपिंडं, फुप्फुसं, गव्हाच्या पिठाचा मेंदू. सुंडलच्या प्रसादवाटपात तपासणीची माणसं आली, हात जोडले, फोटो काढले, चण्यांचे द्रोण हातात घेऊन म्हणाली की असं कुठेच पाहिलं नाही. मला शाल घातली गेली. मी मान लववून ती घेतली. माझ्या बायकोने, कमलाने, ती शाल अजून कपाटात ठेवली आहे, दर थंडीत विचारते, “ही कां नेसत नाहीं तुम्ही?” आमच्या तंजावुरी मराठीत शालसुद्धा नेसतात.

विजयादशमीला पूजेतली साधनं मुलींच्या हाती आली. त्यांचा वर्ग भरला, मी हृदयाचं दार उघडून एकेक कप्पा दाखवला आणि पुढे फिरवायला दिलं. सगळ्यांनी दोन्ही हातांत धरून पाहिलं, प्रसादासारखं, आणि पुढे दिलं. कयलने बोट घातलं. एका कप्प्यात, मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात. तिचा चेहरा मला आठवतो, डोळे मिटलेले, घरात वीज गेल्यावर काडेपेटी शोधताना असतात तसे.

“सार, जाड भिंत निळ्यात आहे.”

मी काय करायला हवं होतं? “शाबास” म्हणायला हवं होतं. चूक माझी, साचा उलटा झाला, आणि तुझ्या बोटाने ती पकडली, हे सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. उलट तोच धडा वर्गाच्या कायम लक्षात राहिला असता. मी म्हणालो, “हात काढ. दुकानात मटण चाचपायची सवय दुकानातच ठेव.”

वर्ग हसला. मोठ्याने हसला. कयलने बोट काढलं आणि ते साडीला पुसलं, जणू तिनेच काही घाण केली होती.

पाऊस ओसरताना प्रात्यक्षिक परीक्षा झाली. टेबलावर मांडलेल्या वस्तूंना आकड्यांच्या चिठ्ठ्या टोचल्या होत्या. त्रिचीहून आलेले परीक्षक आणि शेजारच्या खुर्चीवर मी. तीन नंबरची चिठ्ठी खालच्या निळ्या कप्प्यात होती. उत्तरांचा कागद मीच करून दिलेला, तीन म्हणजे उजवा खालचा कप्पा. मुली येत होत्या, निळा पाहत होत्या, “उजवा सार” म्हणत होत्या आणि जात होत्या. परीक्षकांना चारची बस पकडायची होती.

कयल आली. तिने चिठ्ठी पाहिली, आणि मग आत बोट घातलं.

“हा डावा खालचा कप्पा सार. भिंत जाड आहे.”

“रंग कुठला आहे अम्मा?” परीक्षक म्हणाले.

“निळा सार.”

“निळा म्हणजे कुठली बाजू?”

“उजवी सार. पण भिंत जाड आहे. तुम्ही बघा ना, बोट घालून.”

“मी परीक्षा द्यायला आलोय की तू?” ते हसले आणि माझ्याकडे वळले. “काय हो, असं शिकवता?”

तिनेही माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं जायची पाहतात तशी. मी समोरच्या कागदावर पेनने एक रेघ गिरवत बसलो. ती रेघ किती जाड झाली होती ते मला अजून दिसतं. कागद फाटला होता.

त्यानंतर परीक्षकांनी आणखी सात प्रश्न विचारले. साधे. नाडी कुठे लागते, हाडं किती. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. ती नापास झाली.

सहा महिने ती मागून आलेल्या मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली. पुरवणी परीक्षेत पास झाली. तोवर ते हृदय काचेच्या कपाटात गेलं होतं, “हात लावू नये” अशा पाटीसह. ती पाटी माझ्या अक्षरात आहे. नंतर मी ते वर्गात कधी नेलं नाही. तक्त्यांवर शिकवू लागलो. पुढच्या वर्गांना चुकीचं काही सांगितलं नाही, आणि एवढ्यावर माझं मन मी बारा वर्षं सांभाळलं. एका मुलीवर अन्याय झाला, असा माझा हिशेब होता. त्यातून माझी रोजची झोप मोडली नाही, हे सांगायला हवं. चांगला झोपायचो.

यंदा आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, छातीत जड वाटू लागलं म्हणून डॉक्टरांनी इको करायला सांगितलं. पडद्यामागे शर्ट काढून झोपलो, तर सिस्टर म्हणून आली ती कयल. अंगाने भरलेली, केसांत दोनचार पांढरे, आवाज तोच. तिने मला ओळखलं आणि तसं दाखवलं नाही, की मला तसं वाटलं.

“डावीकडे वळा सार.”

वळलो. छातीवर तो गार, बुळबुळीत लेप लागला. डॉक्टर यंत्र फिरवत होते आणि पडद्यावर माझं हृदय उघडझाप करत होतं, करडं, ओबडधोबड. त्यात कुठेही सोनेरी रेघ नव्हती. डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, “पडद्यावर उजवीकडे दिसतो तो डावा कप्पा. तुमची भिंत थोडी जाड झालीय. बीपीमुळे. पण घाबरू नका.”

मी म्हणालो, “कयल, त्या दिवशी तू बरोबर होतीस.”

“ठाऊक आहे सार. माझ्या बोटाला कळलं होतं.”

“मला तेव्हाच ठाऊक होतं. साचा माझा होता.”

यावर ती थांबली. हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की सरांनाही कळलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण छातीला लेप आणि तारा होत्या.

“मला माफ कर,” मी म्हणालो.

तिने तारा सोडवायला सुरुवात केली. मग म्हणाली, “माझं सोडा सार. मी सहा महिन्यांनी का होईना, बरोबर उत्तर देऊन पास झाले. बाकीच्या साठजणी तुमचा निळा बघून पास झाल्या. बोट न घालता. त्यांना सांगितलंत?”

तिने माझ्या हातात कागदी रुमाल दिला. “पुसून घ्या,” ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

सांगेन, असं त्या दिवशी घरी येईपर्यंत ठरवलं होतं. त्यानंतर दोन महिने गेले. सांगितलं नाही. त्याऐवजी हे लिहायला बसलो. मराठीत. तंजावुरात देवनागरी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतलं एकही आमच्या कॉलेजात नाही. अनिता नाही, प्राचार्यबाई नाहीत, त्या साठजणी तर नाहीतच. इथवर चारपाच पानं लिहून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा एक देखणी वस्तू करून काचेच्या कपाटात ठेवतो आहे. लिहिलेलं वाचून पाहिलं. वाक्यं बरी जमली होती. त्याचीच किळस आली.

आज सकाळी कॉलेजात जाऊन अनिताला सगळं सांगितलं. ती घाबरली, मग म्हणाली, “मग ठेवू नको का सार, पायरीवर?” मी म्हटलं, ठेव, पण दार उघडून, आणि ती पाटी फेकून दे, आणि येणाऱ्या प्रत्येकीला आत बोट घालायला लाव, आणि सांग की हे सरांनी चुकवलंय. ती म्हणाली, “असं कसं सांगू सार?” खरंच, तिने कसं सांगायचं?

दुपारी अमुदाला फोन लावला. ती त्या वर्गाची प्रतिनिधी होती. आता कुंभकोणम्‌ला एका नर्सिंग शाळेत शिकवते. दर सरस्वतीपूजेला तिचा फोन येतो, यंदा तिच्या आधी मी केला.

“सार! तुम्ही? तब्येत बरी ना?”

“बरी आहे. अमुदा, कोलूतलं ते हृदय आठवतं?”

“न आठवायला काय झालं! मी अजून शिकवताना तेच डोळ्यांसमोर आणते. मुलींना सांगते, आमच्या सारांनी हातात हृदय दिलं होतं.”

मी सांगितलं. साचा, कड सारखी केलेली, कागदावरची तीन नंबरची ओळ. एका दमात, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं. पलीकडे तिच्या शाळेतली घंटा वाजली, मुलींचा गलका झाला आणि विरला.

“म्हणजे त्या दिवशी कयल बरोबर होती?”

“हो.”

“आम्ही सगळ्या हसलो होतो सार तिला. विजयादशमीला. मी सगळ्यांत जास्त हसले होते. परीक्षेनंतर बसमध्ये तिला ‘मटणबोट’ म्हणायचो आम्ही. वर्षभर.”

मी म्हणालो, “चूक माझी होती.”

“ते ठीक आहे,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात कधी बोलली नव्हती. “पुढचा फोन कोणाला करताय?”

“नंबर नाहीत माझ्याकडे.”

“माझ्याकडे आहेत. आमचा ग्रुप आहे. पण मी तिथे टाकणार नाही. एकेकीला तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. पेन आहे?”

“आहे.”

“मीनाचा लिहून घ्या.”

मी लिहिलेला कागद पालथा केला आणि ती सांगेल ते आकडे लिहून घेऊ लागलो.